झेड/व्हीएमवर एक डिस्क आणि अनेक लिनक्स गेस्ट: फक्त वाचनासाठीची डिस्क कशी वाटायची

मेनफ्रेमवर झेड/व्हीएम या हायपरव्हायजरखाली वीस लिनक्स गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालू आहेत आणि विसांतही तेच जावा, तोच टॉमकॅट, त्याच लायब्ररी वेगवेगळ्या इन्स्टॉल केलेल्या आहेत. अशी मांडणी तुमच्या ताब्यात आली असेल, तर एकच डिस्क सगळ्यांना वाचायला देण्याचा विचार तुमच्या मनात येणारच. तो करावा, असंच मी सांगेन. फक्त त्यातली एक खोच आधी समजून घ्या, कारण ती मला कुणी आधी सांगितली नव्हती.

कमांड मी इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. उदाहरणातली नावं माझी आहेत: डिस्कचा मालक ‘कोठार’, देखभालीचा गेस्ट ‘कारागीर’ आणि वापरणारे गेस्ट वेब०१, वेब०२ वगैरे.

आधी माझी चूक

एका क्लायंटकडे चौदा गेस्ट एक डिस्क वाचत होते. पुण्यात बसून रात्रीच्या शिफ्टमध्ये मला त्या डिस्कवरच्या जावा लायब्ररी अपडेट करायच्या होत्या. मी देखभालीच्या गेस्टमधून डिस्क लिहिण्यासाठी लिंक केली, म्हणजे त्या गेस्टला जोडून घेतली. सीपीने, म्हणजे झेड/व्हीएमच्या मुख्य नियंत्रण प्रोग्रॅमने, काही तक्रार केली नाही. नव्या फाइल टाकल्या, जुन्या काढल्या, अनमाउंट केलं आणि काम संपलं असं समजून कळवून टाकलं.

सकाळी चौदापैकी पाच गेस्टवर अ‍ॅप कोसळायला लागलं. एका गेस्टवर ‘एलएस’ला जुनीच नावं दिसत होती. दुसऱ्यावर फाइलचं नाव जुनं, पण आतला मजकूर भलत्याच फाइलचा. तिसऱ्यावर इनपुट-आउटपुट एरर. बाकीचे नऊ मात्र व्यवस्थित. डिस्क खराब झाली असेल म्हणून दोन तास तिकडेच शोधाशोध झाली, पण डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

प्रत्येक लिनक्स आपल्या मेमरीत डिस्कची एक समजूत धरून बसलेला असतो: कोणती डिरेक्टरी कुठे आहे, कोणत्या फाइलचे ब्लॉक कुठले. त्यातलं काही पेज कॅशमध्ये असतं, काही फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींत. आपण फक्त वाचतोय आणि दुसरं कुणी लिहीत नाही, हे तो गृहीतच धरतो. मी खालून ब्लॉक बदलले, पण ते त्याला कळायला मार्गच नव्हता. ज्या गेस्टने जेवढं आधी वाचून ठेवलं होतं तेवढं जुनं राहिलं आणि उरलेलं नवं आलं. म्हणून प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कॅश रिकामी करण्याची कमांड देऊनही भागलं नाही, कारण वापरात असलेल्या नोंदी तिने जात नाहीत. पाचही ठिकाणी अनमाउंट करून पुन्हा माउंट करावं लागलं. खबरदारी म्हणून उरलेल्या नऊ ठिकाणीही केलं.

‘रीड-ओन्ली’ लिंक गेस्टच्या हातून डिस्कला वाचवते. डिस्क खालून बदलली, तर गेस्टला वाचवणारं काही नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

हाताशी काय हवं

- झेड/व्हीएमची यूजर डिरेक्टरी, म्हणजे प्रत्येक गेस्टची आणि त्याच्या डिस्कची नोंद, बदलण्याचा अधिकार. डिरमेंट हे डिरेक्टरी सांभाळणारं साधन असेल तर त्यातून, नसेल तर ‘यूजर डायरेक्ट’ फाइल हाताने बदलून. झेड/व्हीएम ६.२ पासून ही फाइल पीमेंट या यूजरच्या २सीसी डिस्कवर असते.
- एखाद्या ३३९० व्हॉल्यूमवर (मेनफ्रेमच्या मोठ्या डिस्कवर) मोकळी जागा, एका डिस्कची नव्हे, निदान दोन डिस्कची. कारण आठव्या पायरीत येईल.
- प्रत्येक गेस्टवर रूट अधिकार आणि एस३९०-टूल्स हे पॅकेज. व्हीएमसीपी (लिनक्समधून सीपीला कमांड देणारी), एलएस-डॅसडी (डिस्कची यादी दाखवणारी), सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्ह (डिस्क ऑनलाइन-ऑफलाइन करणारी) या कमांड त्यातच येतात.
- आरएसीएफ हे परवानग्या सांभाळणारं सॉफ्टवेअर चालू असेल, तर व्हीएम-एमडिस्क क्लासमध्ये परवानगी देणारा माणूस. तो दुसऱ्या टीममध्ये असतो आणि त्याची मंजुरी यायला वेळ लागतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.
- गेस्ट, डिस्कचा पत्ता, लिंकचा मोड आणि आवृत्ती यांचा एक साधा तक्ता. हा नसला तर सहा महिन्यांनी तुम्हालाच काही आठवणार नाही.

१. काय वाटायचं ते ठरवा

पहिल्याच खेपेला रूट किंवा ‘यूएसआर’ वाटायला जाऊ नका. ते करता येतं, लोकांनी केलेलंही आहे. पण आजच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये बिन आणि लिब हे सगळं ‘यूएसआर’मध्येच गेलं आहे आणि कोणतं पॅकेज बसवलंय याची आरपीएमची नोंद अनेकदा ‘व्हार’मध्ये, म्हणजे प्रत्येक गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर असते. ‘यूएसआर’ एका आवृत्तीचं आणि नोंद दुसऱ्या आवृत्तीची झाली, की पुढचा प्रत्येक पॅच डोकेदुखी ठरतो.

सुरुवात ‘ऑप्ट’खालच्या गोष्टींपासून करा. जावा, टॉमकॅट, मॉनिटरिंगचे एजंट, मोठे डेटाकोश, इन्स्टॉलेशनच्या आरपीएम फाइल, म्हणजे जे एकदा भरलं की महिनोन्‌महिने बदलत नाही ते. जागा वाचते हा उघड फायदा झालाच. त्याशिवाय सीपीची मिनिडिस्क कॅश असते (मिनिडिस्क म्हणजे मोठ्या व्हॉल्यूममधून गेस्टसाठी काढलेला तुकडा). एका गेस्टने वाचलेला ट्रॅक झेड/व्हीएमच्या मेमरीत राहतो आणि दुसऱ्या गेस्टला तो तिथूनच मिळतो. सकाळी वीस गेस्ट एकदम चालू होतात तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. मात्र ही कॅश मिनिडिस्कनाच मिळते, एकाच गेस्टला अख्ख्या डेडिकेट केलेल्या डिस्कना नाही.

२. डिस्कचा मालक वेगळा ठेवा

डिस्क एखाद्या चालत्या गेस्टच्या नावावर ठेवू नका. तो गेस्ट लॉगऑन झाला की स्वतःच्या डिस्क लिहिण्यासाठी उघडतो आणि मग कुणी काय बदललं याचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी पासवर्डच्या जागी ‘नोलॉग’ लिहिलेला एक यूजर तयार करा. त्याने कधी लॉगऑन करायचंच नाही, फक्त डिस्क सांभाळायच्या.

यूजर कोठार नोलॉग ६४एम ६४एम जी
एमडिस्क ०१ए० ३३९० ०००१ २००० एलएक्स०२०१ डब्ल्यू ऑल <लिहिण्याचा पासवर्ड>
एमडिस्क ०१बी० ३३९० २००१ २००० एलएक्स०२०१ डब्ल्यू ऑल <लिहिण्याचा पासवर्ड>

एमडिस्कच्या ओळीत क्रमाने येतं ते असं: पत्ता, डिस्कचा प्रकार, सुरुवातीचा सिलिंडर, सिलिंडरची संख्या, व्हॉल्यूमचं नाव, मोड, वाचनाचा पासवर्ड, लिहिण्याचा पासवर्ड. वाचनाच्या पासवर्डच्या जागी ‘ऑल’ लिहिलं की कुणालाही पासवर्डशिवाय वाचता येतं. डिस्कवर गुपित काही नसेल तरच हे ठीक.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे सुरुवात शून्याव्या सिलिंडरपासून करू नका. तिथे व्हॉल्यूमचं लेबल असतं आणि फॉरमॅट करताना ते पुसलं जातं. दुसरा, आकडे मोजताना एकाची चूक. एकपासून २००० सिलिंडर म्हणजे शेवट २००० वर, म्हणून पुढची डिस्क २००१ पासून. १००१७ सिलिंडरच्या ३३९० मॉडेल ९ वर अशा पाच डिस्क बसतात. डिरेक्टरी हाताने बदलत असाल तर आधी ‘डिस्कमॅप यूजर’ चालवा आणि त्यातून तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘ओव्हरलॅप’ हा शब्द शोधा. दोन मिनिडिस्क एकमेकींवर चढल्या असतील तर त्या फाइलमध्ये लगेच कळतं. तिथे पाहिलं नाही, तर कुणाचा तरी डेटा गेल्यावरच कळेल. मग ‘डायरेक्ट-एक्सए’ला आधी ‘एडिट’ पर्याय देऊन फक्त तपासणी करून घ्या आणि त्यानंतर खरी डिरेक्टरी चालू करा.

३. कारागिराकडून डिस्क भरून घ्या

कारागिराच्या डिरेक्टरीत या डिस्कची लिंक कायमची लिहून ठेवू नका. काम असेल तेव्हाच कमांडने घ्या:

व्हीएमसीपी लिंक कोठार ०१ए० ०१ए० डब्ल्यू पास=…

व्हीएमसीपीला पासवर्डसाठी मधेच थांबून विचारता येत नाही, म्हणून तो ओळीतच द्यावा लागतो. काही ठिकाणी सिस्टिम कॉन्फिगमध्ये ओळीत पासवर्ड द्यायला बंदी असते. तसं असेल तर कारागिराच्या ३२७० कन्सोलवरून लिंक करा.

आता डिस्क ऑनलाइन आणा, डॅसडी-एफएमटीने ४०९६ बाइटच्या ब्लॉकने फॉरमॅट करा आणि एफ-डॅसडीला ‘ए’ पर्याय देऊन एकच पार्टिशन पाडा. त्याआधी एलएस-डॅसडी पाहून डिस्कचं नाव दोनदा ताडून घ्या. डॅसडीबीच्या जागी डॅसडीए टाइप झालं, तर कारागिराचीच सिस्टिम जाऊ शकते.

फाइल सिस्टिम जर्नलशिवाय बनवा: एक्स्ट२, किंवा जर्नल बंद केलेली एक्स्ट४. ज्या डिस्कवर पुढे कुणी लिहिणारच नाही तिला जर्नलचा उपयोग नाही, उलट अडचणच होते. एक्स्ट४ नीट अनमाउंट झाली नसेल, तर वाचायला उघडतानाही ती आधी जर्नल पूर्ण करायला जाते. डिस्क लिहू देत नाही, मग माउंटच फसतं आणि कर्नल ‘नोलोड’ वापरून पाहा असा मेसेज देतो. एक्सएफएसला त्याच कामासाठी ‘नोरिकव्हरी’ आहे.

फाइल भरताना मालकीचे आकडे बघा. लिनक्स फाइलवर नाव नाही, आकडा लिहितो. कारागिरावर टॉमकॅट यूजरचा आकडा ९१ आणि वेब०१ वर ४८२ असेल, तर वेब०१ ला त्या फाइल परक्याच्या दिसतील आणि तिथून बदलताही येणार नाहीत. रेड हॅटवर एसई-लिनक्स चालू असेल तर लेबलचंही तसंच. ती इथेच बरोबर लावा, नाहीतर गेस्टमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ पर्याय देऊन माउंट करा.

भरून झाल्यावर अनमाउंट, सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्हने ऑफलाइन आणि मग ‘व्हीएमसीपी डिटॅच ०१ए०’. डिटॅच विसरू नका. जोवर कारागिराकडे लिहिण्याची लिंक आहे तोवर गेस्टना डिस्क वाचायला देणं नीट होणार नाही.

४. लिंकचे मोड: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

माझी चूक इथेच झाली होती. जुन्या नोट्समधून उचललेला ‘एमआर’ मी सवयीने टाइप केला. सीपी प्रत्येक मोडला काय उत्तर देतो ते बघा.

आर: वाचन मिळतं, पण दुसऱ्या कुणाकडे लिहिण्याची लिंक असेल तर नकार.

आरआर: कुणी लिहीत असलं तरी वाचन मिळतं. तेव्हा ‘लिंक्ड आर/ओ; आर/डब्ल्यू बाय’ आणि पुढे लिहिणाऱ्याचं नाव असा मेसेज येतो. तो मेसेज आला तर पुढे जाऊ नका, आधी त्या यूजरकडे चौकशी करा.

डब्ल्यू: लिहिण्याची लिंक, पण दुसऱ्या कुणाकडेही, अगदी नुसत्या वाचनाची लिंक असली तरी नकार.

एमआर: दुसरं कुणी लिहीत नसेल तर लिहायला मिळतं, वाचणारे शंभर असले तरी. कुणी लिहीत असेल तर नुसतं वाचन मिळतं.

एमडब्ल्यू: कुणी काहीही करत असलं तरी लिहायला मिळतं. साध्या लिनक्स फाइल सिस्टिमच्या डिस्कवर हा मोड कधीच नको.

बहुतेक नमुन्यांत गेस्टना आरआर आणि देखभालीला एमआर दिलेलं असतं. या जोडीत वाचणारे आणि लिहिणारा सहज एकत्र येतात आणि सीपी अडवत नाही. तुम्ही गेस्टना आर द्या आणि कारागिराला डब्ल्यू. मग वाचणारे असताना लिहिणाऱ्याला सीपीच दारात थांबवतो आणि कुणाकडे लिंक आहे तेही सांगतो. त्या रात्री मी डब्ल्यू टाइप केलं असतं, तर नकार मिळाला असता आणि सकाळ शांत गेली असती.

याहून घट्ट बंदोबस्त हवा असेल तर एसआर हा मोड आहे. तो घेतलेल्या गेस्टची लिंक असेपर्यंत दुसऱ्या कुणालाही, अगदी एमआर मागितला तरी, लिहायला मिळत नाही. त्यासाठी गेस्टच्या डिरेक्टरीत ‘ऑप्शन एलएनके-स्टेबल’ लागतं. टीम मोठी असेल आणि एमआर टाइप करणारे हात बरेच असतील, तर हाच मोड घ्या.

५. गेस्टच्या डिरेक्टरीत ओळ टाका

लिंक कोठार ०१ए० ०१ए० आर

डिरेक्टरीतल्या लिंकला पासवर्ड लागत नाही. डिरमेंट असेल तर ‘डिरम फॉर वेब०१ लिंक कोठार ०१ए० ०१ए० आर’.

नवखे लोक इथे हमखास अडकतात. ओळ टाकली, लिनक्स रीबूट केला, डिस्क काही दिसेना. लिनक्समधून केलेल्या रीबूटने तेच व्हर्च्युअल मशीन नव्याने बूट होतं, डिरेक्टरी पुन्हा वाचली जात नाही. ती वाचली जाते लॉगऑनच्या वेळी. म्हणून गेस्ट पूर्ण लॉगऑफ करून एक्स-ऑटोलॉगने उठवा, किंवा आत्तापुरती व्हीएमसीपीने लिंक घ्या आणि डिरेक्टरीतली ओळ पुढच्या लॉगऑनसाठी राहू द्या. मी दुसरा मार्ग वापरतो, कारण त्यात गेस्ट बंद करावा लागत नाही.

६. गेस्टमध्ये डिस्क माउंट करा

सीएच-झेड-डेव्हला ‘ई’ पर्याय आणि पत्ता द्या. डिस्क आत्ता चालू होते आणि पुढच्या बूटसाठीही नोंदली जाते. मग एलएस-डॅसडी चालवा. आपल्या डिस्कची ओळ अशी दिसली पाहिजे:

०.०.०१ए० अ‍ॅक्टिव्ह(आरओ) डॅसडीबी ९४:४ ईसीकेडी ४०९६ १४०६एमबी ३६००००

ही ओळ वाचायला शिका. शेवटचा आकडा ब्लॉकचा. ३३९० च्या एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक असतात आणि प्रत्येक ट्रॅकवर ४०९६ बाइटचे १२ ब्लॉक, म्हणजे सिलिंडरला १८०. दोन हजार सिलिंडरचे ३६००००. हा आकडा जुळला नाही तर तुम्ही दुसऱ्याच डिस्कवर आहात. आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’पुढचं ‘आरओ’ दिसलंच पाहिजे. नुसतं ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल, तर मोड तपासल्याशिवाय माउंट करू नका.

एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव बाय-पाथखालचं, ‘सीसीडब्ल्यू-०.०.०१ए०-पार्ट१’ हे लिहा. डॅसडीबीसारखी नावं बूटगणिक बदलू शकतात. पर्यायांत ‘आरओ’ आणि ‘नोफेल’, शेवटचे दोन्ही आकडे शून्य. शेवटचा शून्य नसला तर बूटच्या वेळी लिनक्स ही डिस्क तपासायला जाईल. ‘नोफेल’ अशासाठी, की लॉगऑनच्या वेळी कारागीर लिहीत असेल तर आर मोड नाकारला जाईल आणि ‘नोफेल’ नसलेला गेस्ट इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसेल. मात्र मग डिस्कशिवाय अ‍ॅप उठू नये याचीही काळजी घ्या. सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ आणि माउंटचा पाथ लिहिला की काम होतं.

७. अ‍ॅपला लिहायला जागा द्या

डिस्क फक्त वाचायची असली तरी अ‍ॅपला लॉग, तात्पुरत्या फाइल, पीआयडी कुठेतरी लिहायच्या असतात. टॉमकॅटमध्ये याची सोय आधीपासून आहे. ‘कॅटालिना-होम’ वाटलेल्या डिस्कवर ठेवा आणि ‘कॅटालिना-बेस’ गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर. कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबअ‍ॅप्स, वर्क हे सगळं बेसमध्ये. ज्या अ‍ॅपमध्ये अशी विभागणी नाही, तिथे डिस्क भरतानाच लॉगच्या फोल्डरऐवजी ‘व्हार’कडे जाणारी सिमलिंक टाका. प्रत्येक गेस्टवर ती आपापल्या ‘व्हार’मध्ये उघडते. कोणता अ‍ॅप कुठे लिहितो हे कागदपत्रांत शोधत बसू नका. एका चाचणीच्या गेस्टवर चालवा आणि ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ ही तक्रार लॉगमध्ये कुठे कुठे येते ते बघा. अर्ध्या तासात यादी हाती येते.

८. नवी आवृत्ती नव्या डिस्कवर, जुनीला हात नाही

आता ०१बी० उपयोगाला येते. कारागिराकडे ०१ए० आर मोडमध्ये आणि ०१बी० डब्ल्यूमध्ये घ्या. ०१बी० वर नवी फाइल सिस्टिम बनवून आर-सिंकने सगळं आणा, मग तिथे अपडेट करा. डीडीआरने किंवा फ्लॅशकॉपीने नक्कल लवकर होते. पण तिच्यात फाइल सिस्टिमचा यूयूआयडीही तोच येतो आणि एकाच गेस्टवर दोन्ही उघडायची वेळ आली तर एक्सएफएस अडून बसते. दीड जीबीसाठी मला आर-सिंकच बरा वाटतो. झालं की अनमाउंट, ऑफलाइन, डिटॅच.

मग एकेक गेस्ट बदला. अ‍ॅप थांबवा, अनमाउंट करा, डिस्क ऑफलाइन करा, आणि:

व्हीएमसीपी डिटॅच ०१ए०
व्हीएमसीपी लिंक कोठार ०१बी० ०१ए० आर

दुसरी ओळ नीट पाहा. कोठाराकडची डिस्क ०१बी० आहे, पण गेस्टला ती ०१ए० याच पत्त्यावर मिळते. म्हणून एफएसटॅब, सर्व्हिस फाइल, स्क्रिप्ट, कशालाच हात लावावा लागत नाही. डिस्क ऑनलाइन आणा, माउंट करा, अ‍ॅप उठवा. आधी वेब०१ वर एक दिवस चालू द्या, मग बाकीचे. काही बिघडलं तर तीच पायरी उलटी, ०१ए० पुन्हा जोडायची. तीन-चार मिनिटांत गेस्ट जुन्या आवृत्तीवर येतो.

त्याच बैठकीत डिरेक्टरीतली ओळही ‘लिंक कोठार ०१बी० ०१ए० आर’ अशी बदला. हे राहून गेलं तर गेस्ट पुढच्या लॉगऑनला गुपचूप जुन्या आवृत्तीवर जाईल आणि कारण शोधताना तुमचा दिवस जाईल.

जुनी ०१ए० रिकामी करण्याआधी कारागिराकडे ती आर मोडमध्ये घ्या आणि ‘व्हीएमसीपी क्वेरी लिंक्स ०१ए०’ विचारा. यादीत फक्त कारागीर असेल तरच ती पुढच्या आवृत्तीसाठी मोकळी. एखादा वेब०७ अजून दिसत असेल तर तो कुणीतरी बदलायचा विसरला आहे.

९. दोन झेड/व्हीएम एकच स्टोरेज पाहत असतील तर

आर आणि डब्ल्यूची सगळी राखण सीपी करतो, पण ती त्याच्या स्वतःच्या हद्दीत. शेजारच्या एलपारमधला, म्हणजे त्याच मेनफ्रेमच्या दुसऱ्या विभागातला, दुसरा झेड/व्हीएम तेच ३३९० व्हॉल्यूम पाहत असेल, तर तिथल्या लिंकची याला गंधवार्ताही नसते. डब्ल्यू बिनबोभाट मिळेल आणि पलीकडचे वाचणारे तसेच राहतील. २०११ मध्ये आलेल्या ६.२ पासून सिंगल सिस्टिम इमेज क्लस्टर करता येतं आणि त्यातले सदस्य एकमेकांच्या लिंक तपासतात. तुमच्याकडे क्लस्टर नसेल, तर हे व्हॉल्यूम कोणकोणत्या एलपारना दिसतं ते स्टोरेजच्या माणसाकडून लिहून घ्या आणि नको तिथून काढायला सांगा. दोन्हीकडून वाचायची गरजच असेल, तर डिस्कवर लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना क्वेरी लिंक्स बघणं ही पायरी तुमच्या तक्त्यात सर्वांत वर लिहा.